‘छान’च्या पुढे काय सांगायचं?

वाचकांचे प्रश्न : घरचं ध्वनिमुद्रण

या वेळची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. घरी गाणं रेकॉर्ड करायचं, गाणाऱ्या मित्रमैत्रिणींना पाठवायचं, आणि मग त्यांनी काय सांगावं, आपण त्यातलं काय घ्यावं? आकाशवाणीत ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेच्या अलीकडे बसून मी नोकरी केली. कलाकाराला काय सांगितलं की पुढचा टेक चांगला होतो आणि काय सांगितलं की तो आवळून जातो, हे त्या खुर्चीत बसून शिकले. हौसेने गाणाऱ्यांना एकमेकांच्या कानांचा उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही सगळी जागा याच पत्रांना.

आमचा नऊ जणांचा ग्रुप आहे. सगळे नोकरी-धंदा सांभाळून गाणारे. दर रविवारी एकाने घरी रेकॉर्ड केलेलं गाणं टाकायचं आणि बाकीच्यांनी अभिप्राय द्यायचा असं ठरलंय. पण ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘जियो’ याच्यापुढे कोणी जात नाही. मध्यंतरी एका ताईंनी तुकारामांच्या अभंगाला स्वतः चाल लावून पाठवली. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘अंतरा बेसूर झालाय.’ तेव्हापासून ताईंनी गाणं पाठवणंच बंद केलं आणि बाकीचे माझ्यावर नाराज. खरं बोलायचंच नाही का? ताईंची परवानगी घेऊन ते रेकॉर्डिंग सोबत जोडलं आहे. — एक वाचक, मिरज

खरं बोलायचंच. आणि ताईंना विचारून फाइल पाठवलीत हे फार बरं केलंत. दुसऱ्याचं अर्धंमुर्धं गाणं तिसऱ्याला ऐकवण्याआधी विचारायला हवं, हे कितीतरी जण विसरतात.

ते रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून ऐकलं, मग तंबोऱ्याशी ताडून पुन्हा ऐकलं. मुखडा सुरेल आहे. पहिल्या ओळीत विठ्ठलाच्या नावावर ताईंनी मध्यमावरून गंधारावर उतरताना घेतलेली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तर सुरेख आहे. तुम्ही ग्रुपवरचे सगळे अभिप्राय उतरवून पाठवलेत, त्यात त्या मींडेबद्दल एकही शब्द नाही. गडबड सुरू होते १ मिनिट १२ सेकंदांवर. अंतरा तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर चढतो, तिथवर सगळं ठीक. पुढे तार गंधारापाशी, वरच्या ‘ग’पाशी, आवाज पोचत नाही, किंचित खाली राहतो. ओळ दुसऱ्यांदा घेतानाही तिथेच आणि तेवढाच खाली. ज्याचा कान कच्चा असतो त्याचा सूर दर वेळी वेगळ्या ठिकाणी सरकतो. एकाच जागी, एकाच मापाने उतरणारा सूर म्हणजे कान ठीक आहे, गळ्याला जागा उंच पडते आहे.

मग पट्टी पाहिली, म्हणजे पेटीची कुठली पट्टी ‘सा’ धरली आहे ते. काळी एक! मागे पेटी वाजते आहे, आणि ताईंनी सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की पेटी यजमान वाजवतात. काळी एक ही पुष्कळ पुरुषांची पट्टी. बायकांचे आवाज साधारणपणे काळी चार, काळी पाचला मोकळे होतात. म्हणजे यजमानांची बोटं ज्या पट्टीत बसली आहेत त्या पट्टीत ताई गातायत. काळी एकच्या खालच्या काळी पाचला घेतलं तर सगळी चाल तीन पट्ट्या खाली येईल. मुखडा मंद्रात फारसा जात नाही, त्यामुळे खालच्या बाजूलाही अडचण नाही. यजमानांना मात्र चार दिवस बोटं बसवावी लागतील.

आता तुमचं वाक्य पुन्हा वाचा. ‘अंतरा बेसूर झालाय’ यात चूक काही नाही, पण ते वाचून ताईंनी करायचं काय? त्यांनी एवढंच ऐकलं की आपल्याला सुरात गाता येत नाही. त्याऐवजी ‘१.१२ला तार गंधार दोन्ही वेळा जरा खाली राहिला, पट्टी उतरवून बघणार का?’ असं लिहिलं असतंत, तर त्या संध्याकाळी त्यांनी पेटी काढली असती. दोन्ही वाक्यं तितकीच खरी आहेत. दुसऱ्यात जागा दाखवलेली आहे, आणि पुढे काय करून बघायचं तेही आहे.

जागा दाखवणं हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बैठकीत दाद जागेवर पडते. गायकाने एखादी हरकत घेतली, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमका आला, की पुढच्या रांगेतून त्याच क्षणी ‘वा’ येते, आणि आपलं काय पोचलं ते गायकाला कळतं. घरी रेकॉर्ड केलेलं गाणं लोक रात्री जेवणानंतर ऐकतात आणि शेवटी एक अंगठा टाकतात. तो अंगठा मुखड्याला की तबल्याला, की मैत्रीला? काही पत्ता लागत नाही. म्हणून मिनिट आणि सेकंद लिहा. कौतुक करतानासुद्धा लिहा. ‘०.२०ची मींड फार आवडली’ हे वाचून ताई ती मींड पुढच्या गाण्यात जपतील. ‘अप्रतिम’ वाचून काय जपणार?

दुसरी गोष्ट. आपण चाल, गाणं आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींची एकत्र गल्लत करतो. चाल चांगली असते, गायला गळा दमलेला असतो आणि खोलीत पंखा चालू असतो. ऐकणारा म्हणतो, ‘मजा नाही आली.’ कशाची? माझ्या नोकरीत नव्या माणसाला आधी हेच शिकवावं लागायचं, की काच ठोठावून टेक थांबवण्याआधी कशासाठी थांबवतोयस ते मनात एका शब्दात म्हण. तुमच्या ग्रुपनेही अभिप्रायाच्या सुरुवातीला तो शब्द लिहावा : चालीबद्दल, गाण्याबद्दल, रेकॉर्डिंगबद्दल. आणि पाठवणाऱ्याने गाण्याबरोबर दोन ओळी जोडाव्यात, ‘चाल आजच सुचली आहे, अंतरा मुखड्याला जोडल्यासारखा वाटतो का तेवढं सांगा, आवाज खरखरतोय तो सोडून द्या.’ कच्च्या चालीवर कोणी आवाजाच्या खरखरीबद्दल लिहायला लागलं की चालीचं बोलणं तिथेच मरतं. उलट गाणं पक्कं झालंय, उद्या नातेवाइकांना पाठवायचंय, अशा वेळी ‘चाल बदलून बघ’ म्हणणं निर्दयपणाचं आहे. अशा वेळी फक्त उद्यापर्यंत बदलता येण्यासारखं सांगावं.

आकाशवाणीच्या स्वरचाचणीत ऐकणाऱ्यांपुढे गाणाऱ्याचं नाव नसे. तुमच्याकडे सगळे एकमेकांचे आवाज ओळखतात, तेव्हा तसंच्या तसं जमणार नाही. पण चालींपुरतं करता येईल. महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपली नवी चाल ग्रुपमधल्या पेटीवाल्याकडे द्यावी, त्याने त्या नुसत्या पेटीवर वाजवून बिननावाने पाठवाव्यात. चाल कोणाची ते कळल्याशिवाय लोक किती मोकळेपणाने आणि किती बारकाईने बोलतात ते तुम्हीच पाहा.

एक छोटी सूचना. गाणं व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका. त्यात आवाज बराच दाबला जातो, तंबोरा तर पार पिचून जातो. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, ती जशीच्या तशी पोचते.

ताईंना मात्र ग्रुपवर काही लिहू नका, फोन करा. आधी त्या मींडेबद्दल बोला, कारण ती खरोखरच सुंदर आहे. मग पट्टीचं सांगा. आणि काळी पाचमधलं गाणं झालं की मलाही पाठवायला सांगा.

मी एकोणीस वर्षांचा आहे. गिटारवर स्वतःची मराठी गाणी करतो आणि फोनवर रेकॉर्ड करतो. कॉलेजमधले आम्ही चार-पाच जण एकमेकांची गाणी ऐकतो. सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘घुमतंय’, ‘बाथरूममध्ये गायल्यासारखं वाटतंय.’ पैसे साठवून कंडेन्सर माइक घेऊ का? — एक वाचक, डोंबिवली

तुझे मित्र बरोबर ऐकतायत. आता त्यांच्या ऐकण्याचा अर्थ लावू.

पैसे तूर्तास राहू देत. तुझी फाइल ऐकली. घुमतेय ती खोली. उघडी फरशी, रंगवलेल्या भिंती, काचेची खिडकी. तुझा आवाज फोनपर्यंत एकदा थेट पोचतो आणि मग भिंतींवर आपटून आपटून परत परत येतो. कंडेन्सर माइक बारीकसारीक टिपण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे तो तुझी खोली आणखी स्पष्ट ऐकवेल. वर त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, म्हणजे तो देणारा ऑडिओ इंटरफेसही आला.

खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाज. टाळीमागून ‘ट्रिंग’ असं शेपूट ऐकू येईल. आता कपड्यांचं कपाट सताड उघड, त्याच्याकडे तोंड करून उभा राहा, पाठीमागे दोरीवर घरातली जाडजूड गोधडी टाक, पायाखाली सतरंजी घाल आणि परत टाळी वाज. शेपूट तुटलेलं असेल. कोपऱ्यात आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी गाऊ नकोस. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला कोणी देईल. त्यांनी काही होत नाही. पातळ फोमही फक्त वरचा, कर्कश भाग खातो आणि गिटारच्या जाड तारांची घूं तशीच ठेवतो. त्यापेक्षा आईची गोधडी चांगली.

फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेव, पण बरोबर समोर नको, थोडा तिरका. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना जो वारा सुटतो तो मग माइकच्या बाजूने निघून जातो. तुझ्या दुसऱ्या कडव्यात ‘भ’ दोनदा फुटला आहे.

आणखी एक गोष्ट मला ऐकू आली, ती तुझ्या मित्रांच्या अजून ध्यानात आलेली नाही. तुझी ओळ संपली की पंख्याची घरघर हळूहळू वर येते, आणि तू पुन्हा गायला लागलास की ती एकदम खाली बसते. फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो त्याचा हा परिणाम. फोनचं बोलण्याचं रेकॉर्डर न वापरता जिथे ही आपोआप पातळी बंद करता येते असं रेकॉर्डिंगचं ॲप वापर, आणि तू सर्वांत मोठ्याने जी ओळ गातोस ती गाऊन पातळी अशी लाव की काटा उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मध्ये राहील. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही. पंखा बंद कर. उकडेल, पण गाणं चार मिनिटांचंच आहे. कुकरच्या शिट्ट्या आणि लोकल टाळायच्या तर रात्री अकरानंतर बस.

एवढं करून महिनाभर गाणी कर. त्यानंतरही माइक घ्यावासा वाटला तर डायनॅमिक घे. तो जवळचं ऐकतो आणि लांबचं बरंचसं सोडून देतो. तुमच्या घराला तोच मानवेल. फक्त अशा माइकला ओठ टेकवून गायलं की खर्ज फुगतो, तेवढं सांभाळ.

गाणं छान केलं आहेस. शेवटच्या कडव्यात गिटार थांबवून नुसत्या आवाजावर जी ओळ सोडली आहेस, ती कोणी काहीही म्हटलं तरी तशीच ठेव.

मी बासरी वाजवतो, मित्र तबल्याला. घरीच मिक्सिंग करतो. परवाच्या तुकड्यावर एकजण म्हणाला, ‘तबला ऐकूच येत नाही.’ दुसरा म्हणाला, ‘तबला अंगावर येतो.’ तिसऱ्याला बासरी टोचते. कोणाचं ऐकू? — एक वाचक, नागपूर

तिघांचंही. पण आधी तिघांना विचारा की कशावर ऐकलंत.

पहिल्याने फोन टेबलावर ठेवून त्याच्याच स्पीकरवर ऐकलं असेल. त्या नखाएवढ्या स्पीकरमधून खर्ज बाहेरच पडत नाही. डग्ग्याची घुमक, जी शंभर हर्ट्झच्या आसपास असते, ती गायब होते, उरते ती चाटीवरची टकटक. मग तबला नाहीच असं वाटतं. दुसऱ्याने खर्ज वाढवणारे हेडफोन लावले असतील किंवा गाडीत ऐकलं असेल. तिथे तोच डगा छातीवर आदळतो. बासरी टोचते म्हणणाऱ्याचं मात्र मी जास्त मनावर घेईन. तुमच्या फाइलमध्ये तार सप्तकात बासरी आली की फुंकरीचा वारा सुरापेक्षा पुढे येतो. माइक मुखरंध्रासमोर धरला असणार. तो तिथून हटवून बोटांच्या बाजूला, हातभर अंतरावर आणि थोडा वर ठेवून बघा. बासरीचा सूर तिच्या सबंध अंगातून येतो, मुखरंध्रापाशी फुंकर जास्त मिळते.

डग्ग्यासाठी एक उपाय आहे. त्याचा खर्ज वाढवू नका. त्याच्या जरा वरचा भाग, दोनशे-तीनशे हर्ट्झचा, किंचित उचला. लहान स्पीकरवर तेवढ्यावरूनही कान डग्गा ओळखतो, आणि गाडीतल्या माणसावर तो आदळतही नाही.

आणखी एक. तुम्ही जुनं आणि नवं मिक्सिंग एकामागून एक पाठवून ‘कुठलं आवडलं?’ असं विचारता. दोन्हींचा आवाज सारखा केलात का? माणसाच्या कानाला मोठा आवाज जास्त भरीव वाटतो. हलक्या आवाजात खर्ज आणि वरचे सूर दोन्ही कानाला कमी पोचतात. फ्लेचर आणि मनसन या दोन संशोधकांनी १९३३मध्ये याचे आलेख मांडून दाखवले. तेव्हा ज्या मिक्सिंगचा आवाज थोडा जास्त, त्याला मतं जास्त, आणि तुम्हाला वाटणार की मिक्सिंग सुधारलं. दोन्ही फाइली कानाला सारख्या मोठ्या लागतील अशा करून मगच पाठवा.

वय सहासष्ट. भावगीतं गाते. नातू म्हणतो, ‘आजी, सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावू, सगळे लावतात.’ मैत्रिणी म्हणतात ही फसवणूक. तुमचं मत? — एक वाचक, सातारा

फसवणूक म्हणणार नाही. १९९७पासून ते आहे आणि व्यावसायिक गाण्यांत सर्रास वापरतात. पण तुमच्या गाण्याला ते लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते सूर पेटीच्या बारा खुंट्यांना नेऊन बांधतं. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. तुम्ही तंबोऱ्यावर गाता, तुमचा गंधार तंबोऱ्याशी मिळतो, आणि हे यंत्र त्याला चूक समजून वर ढकलणार. मींडेच्या पायऱ्या होतील त्या वेगळ्याच. एखादा सूर फारच सरकला असेल तर नातवाला सांगा, तेवढी ओळ पुन्हा रेकॉर्ड करून जोडून दे. तुम्ही पाठवलेल्या गाण्यात तर तीही गरज नाही.

एका कवितेला चाल लावली. ऐकणारे म्हणतात, ‘चाल गोड आहे, पण शब्द तुटतात.’ चाल तशीच ठेवून कवितेतला एखादा शब्द बदलला तर चालेल का? शिवाय ती यूट्यूबवर टाकायची आहे. — एक वाचक, रत्नागिरी

शब्द बदलू नका. चाल तुमची आहे, कविता तुमची नाही. हलवायची असेल तर चाल हलवा.

‘शब्द तुटतात’ हा मला नेहमी फार मोलाचा अभिप्राय वाटतो, कारण स्वतः चाल लावणाऱ्याला तो दोष ऐकूच येत नाही. त्याला शब्द पाठ असतात. तो तुटलेला शब्दही मनात जोडून ऐकतो. ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. तुमच्या दुसऱ्या ओळीत ‘पावसाच्या’ हा शब्द आहे. ‘पाव’वर सम येते, तिथे तुम्ही दोन मात्रा थांबता, श्वास घेता, आणि ‘साच्या’ त्यानंतर. पहिल्यांदा ऐकणारा त्या दोन मात्रा पाव घेऊन बसतो. समेपूर्वी दोन मात्रा आधी उठा, म्हणजे सगळा शब्द समेच्या आत येईल, आणि श्वास ‘च्या’नंतर घ्या. चालीचं गोडपण कुठेही जात नाही, मी म्हणून पाहिलं.

तिसऱ्या ओळीत ऱ्हस्व ‘मनि’वर तुम्ही लांब आलाप घेतलाय. ऱ्हस्व स्वर ताणला की शब्दाचा चेहरा बदलतो. त्याच ओळीत पुढे ‘आकाशी’ आहे, केवढा ऐसपैस ‘आ’! आलाप तिथे न्या. चाल लावायच्या आधी कविता चार दिवस नुसती मोठ्याने वाचली, की कुठे थांबायचं आणि कुठे लांबवायचं हे बरंचसं कविताच सांगते.

परवानगीचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेवरचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. केशवसुत १९०५मध्ये गेले, बालकवी १९१८मध्ये, भा. रा. तांबे १९४१मध्ये, त्यांच्या हयातीत छापून आलेल्या कवितांना तुम्ही मोकळेपणाने चाली लावा. संतांचे अभंग तर सगळ्यांचेच. पण कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. तुमची कविता हयात कवयित्रीची आहे. त्यांना प्रकाशकामार्फत पत्र लिहा आणि पत्रासोबत चालही पाठवा. शब्द जोडून घेतल्यानंतरची.

मी मेलबर्नला असतो. कॉलेजमधला मित्र नाशिकला पेटी आणि तबला दोन्ही वाजवतो. मी इथे गातो आणि कीबोर्ड लावतो. फाइली एकमेकांना पाठवून गाणं पुरं करतो. तो म्हणतो, ‘तू दर वेळी मागे पडतोस आणि कीबोर्ड उतरलेला आहे.’ मी म्हणतो, तबला पळतोय आणि पेटी चढी आहे. यावरून आमचं वाजतं. — एक वाचक, मेलबर्न

तुम्ही दोघंही बरोबर ऐकताय. म्हणून तर भांडण संपत नाही.

आधी पेटी. तुम्ही पाठवलेल्या नुसत्या पेटीच्या तुकड्यावर मी ट्यूनर लावला. पांढरी सहा ४४६ हर्ट्झच्या आसपास लागली. तुमचा कीबोर्ड ४४० धरून बनवलेला आहे. म्हणजे पेटी साधारण पाव पट्टी चढी. जुन्या पेट्या अशा असतात आणि एकट्या वाजल्या की त्यात काही वावगं नाही. कीबोर्डच्या शेजारी मात्र दोन्ही एकमेकांना खोटं ठरवतात. पेटीच्या रीडी तासायच्या नाहीत. तुमच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये बारीक ट्यूनिंग असतं, ते ४४६वर न्या, तंबोऱ्याच्या ॲपचंही तेच करा. तबला मित्राने पेटीवरच मिळवलेला आहे, त्यामुळे तो आपसूक जुळेल. फक्त नाशिकला पाऊस सुरू झाला की चामडं उतरतं. दर रेकॉर्डिंगआधी त्याने तबला पुन्हा पेटीवर मिळवून घ्यावा.

आता मागे पडण्याचं. पत्रात एका जागी तुम्ही सहज लिहिलंय की रेकॉर्डिंगच्या वेळी ब्लूटूथ इयरफोन लावता. तिथेच गोम आहे. ब्लूटूथमधून आवाज कानापर्यंत यायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज लागतो. तबला कानाला उशिरा पोचतो, तुम्ही त्याच्याबरोबर अगदी अचूक गाता, आणि फाइलमध्ये तेवढेच मागे पडता. केरव्याची मात्रा अर्ध्या सेकंदाची असेल तर सेकंदाचा पाचवा भाग म्हणजे जवळपास अर्धी मात्रा. लय तुमची पक्की आहे. वायरचे इयरफोन लावा, आणि एक कान अर्धा उघडा ठेवा म्हणजे स्वतःचा खरा आवाजही ऐकू येईल.

तबला पळतो हेही खरं आहे, पण थोडंसंच, आणि शेवटच्या लग्गीत, म्हणजे तबला जलद वाजतो त्या भागात. तिथे पळावाच, लग्गी त्यासाठीच असते. मात्र मित्राने तबला आधी रेकॉर्ड करून पाठवायचा हा क्रम बदला. आधी तुम्ही नुसत्या तंबोऱ्यावर, हाताने ठेका धरत, कच्चं गाऊन पाठवा. कुठे रेंगाळायचंय, कुठे ओळ सोडायचीय ते त्याला ऐकू येईल आणि त्याचा ठेका तुमच्या गाण्यामागून चालेल. मग त्या तबल्यावर तुम्ही पक्कं गा. दोघांनी आपापल्या फाइलीच्या सुरुवातीला एक आवर्तन मोजून शेवटी एक टाळी द्यायची, म्हणजे जोडताना दोन्ही टाळ्या एकावर एक ठेवता येतात. आणि पुढची फाइल पाठवताना मित्राला फक्त एवढंच विचारा : दुसऱ्या अंतऱ्यानंतर मुखड्यावर येताना मी समेवर नेमका आलो का?